जिजाऊंची दोन घरं

पुण्यातला लाल महाल तुम्ही शाळेच्या सहलीत पाहिला असेल. लाल रंग, कमानी, आत जिजाऊ. सहलीतली मुलं हमखास एक प्रश्न विचारतात: शाहिस्तेखानाची बोटं नेमकी कोणत्या खिडकीत तुटली? ती खिडकी तिथे नाही. १६६३ साली शिवाजी महाराज ज्या वाड्यात शिरले तो कधीच पडून गेला. आज उभी असलेली इमारत पुणे महानगरपालिकेने मूळ जागेच्या एका भागावर बांधली. काम १९८४ साली सुरू झालं आणि १९८८ साली संपलं. म्हणजे ही वास्तू तुमच्या आईवडिलांपेक्षा लहान असण्याचीच शक्यता जास्त.

जिजाऊंचं दुसरं घर, खरं तर पहिलं, आमच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. सिंदखेड राजा. मुंबई-नागपूर जुन्या रस्त्याला लागून लखुजीराव जाधवांचा राजवाडा. जिजाऊंचा जन्म इथला, १२ जानेवारी १५९८ चा मानतात. हा वाडा खरा आहे, आणि पडका आहे. दगडी प्रवेशद्वार भरभक्कम उभं आहे. आत गेलं की तट, ओवऱ्या, जोती, पायऱ्या, काही ठिकाणी वर आभाळ. ज्या भागात जिजाऊ जन्मल्या असं सांगतात त्याला म्हाळसा महाल म्हणतात.

एक घर पूर्ण आहे पण नवं. दुसरं जुनं आहे पण अपूर्ण. मला या दोन घरांबद्दल लिहायचं आहे, कारण सिंदखेड राजाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "हा वाडा पुन्हा पहिल्यासारखा बांधायला पाहिजे." या वाक्याचा मला धसका आहे. ते वाईट हेतूने म्हटलेलं नसतं, म्हणून जास्तच.

"पहिल्यासारखा" म्हणजे कसा, हा प्रश्न विचारून बघा. वरचा मजला होता का? असेल तर लाकडी की विटांचा? छप्पर धाब्याचं की कौलारू? बायकांचा वावर कोणत्या चौकात होता, मुदपाकखाना कुठे होता, घोडे कुठे बांधत? जोतं पाहून खोलीची लांबी-रुंदी कळते. भिंतीत तुळईसाठी ठेवलेलं भोक दिसलं तर छपराची उंची काढता येते. चुन्याच्या थरावरून डागडुजी किती वेळा झाली त्याचा अंदाज येतो. पण याच्या पुढचं सगळं कल्पनेने भरावं लागतं. आणि आपली आजची कल्पना कुठून येते? मालिकांच्या सेटवरून. झुंबर, मखमली पडदे, सिंहाचे हात असलेल्या खुर्च्या. सोळाव्या शतकातल्या वऱ्हाडातल्या एका निजामशाही सरदाराच्या घरात उन्हाळ्याच्या दुपारी लोक कुठे बसत असतील, हा विचार त्या सेटमध्ये कुणी केलेला नसतो. मे महिन्यात त्या जाड दगडी दरवाज्याच्या सावलीत पाच मिनिटं उभं राहा, उत्तर मिळेल. पडका वाडा हे सांगू शकतो.

लाल महालावर मी राग काढते आहे असं वाटत असेल तर थांबते. पुण्यासारख्या शहरात त्या जागेची आठवण राहायला काहीतरी उभं असणं मला पटतं. पण नव्या इमारतीत एक सोय असते: पात्रं घालता येतात आणि काढताही येतात. २०१० च्या डिसेंबरात त्याच आवारातून दादोजी कोंडदेवांचा पुतळा महापालिकेने हलवला. बाजू कोणतीही घ्या, वाद पुतळ्यांचा होता, आणि पुतळे दोन्ही वेळा आपल्याच काळातल्या लोकांनी बसवले आणि उचलले होते. सतराव्या शतकाचा त्यात फारसा हात नव्हता. ज्या जागेत जुनं काही उरलेलं नसतं तिथे भांडण फक्त आपलं आपल्याशी होतं. पडक्या वाड्यात निदान भिंत तरी साक्षीला असते.

मग पडक्या जागेचं करायचं तरी काय? तशीच सोडली तर पिंपळ उगवतो, दगड घरोघरी जातात, भिंतीवर बदाम आणि नावं येतात. या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सगळ्यात समजूतदार उत्तर फार लांबचं आहे. मी तिथे गेलेली नाही, वाचून आणि फोटो बघून ओळखते.

कॅनडाच्या पूर्वेला न्यूफाउंडलंड नावाचं बेट आहे. त्याच्या अगदी उत्तरेच्या टोकाला, थंड वाऱ्याच्या किनाऱ्यावर, लान्स ओ मेडोज ही छोटी वस्ती. १९६० साली नॉर्वेचे हेल्गे इंगस्टाड तिथे पोहोचले. ग्रीनलंडहून पश्चिमेला गेलेले नॉर्स दर्यावर्दी, ज्यांना आपण वेब सिरीजमुळे सरसकट व्हायकिंग म्हणतो, त्यांच्या खुणा ते शोधत होते. गावातल्या जॉर्ज डेकर नावाच्या माणसाने त्यांना गवताखालचे काही उंचवटे दाखवले. गावकरी त्यांना मूलनिवासींचा जुना तळ समजत. पुढे हेल्गे यांच्या पत्नी, पुरातत्त्वज्ञ ॲन स्टीन इंगस्टाड यांच्या देखरेखीखाली १९६१ ते १९६८ या काळात उत्खनन झालं. आठ इमारतींचे पाये निघाले. या इमारतींच्या भिंती दगडाच्या नव्हत्या. लाकडी सांगाडा आणि त्याला बाहेरून गवतासकट कापलेल्या मातीच्या लाद्या. दलदलीतून मिळणारं लोखंड वितळवायची भट्टी सापडली. सापडलेल्या वस्तू मात्र चिमूटभर: लोखंडी खिळे, अंगरख्याला लावायची पितळेसारख्या धातूची टाचणी, सूत कातायच्या चातीची दगडी चकती. या चकतीवरून तिथे बायकाही आल्या होत्या असं अभ्यासक मानतात. बटरनट नावाच्या अक्रोडाची टरफलंही मिळाली. ते झाड त्या बेटावर उगवतच नाही, बऱ्याच दक्षिणेला उगवतं. म्हणजे ही माणसं तिथून आणखी खाली जाऊन आली होती.

२०२१ मध्ये तिथल्या लाकडाच्या तुकड्यांवरून एक वर्षच ठरलं. इ.स. ९९३ मध्ये सूर्यावर मोठं वादळ झालं होतं, त्याची खूण जगभरच्या झाडांच्या त्या वर्षीच्या वलयात राहिली आहे. त्या खुणेपासून सालीपर्यंतची वलयं मोजली. धातूच्या पात्याने ही झाडं तोडली गेली ते वर्ष निघालं १०२१.

आता माझ्या मुद्द्याचं. उत्खनन झाल्यावर त्यांनी मूळ पाये पुन्हा मातीने झाकले आणि वर गवत वाढू दिलं. तुम्ही तिथे गेलात तर मूळ घरं म्हणजे हिरवळीतले गुडघ्याएवढेही नसलेले उंचवटे. त्यांच्यावर एकही भिंत चढवलेली नाही. मात्र थोड्या अंतरावर, वेगळ्या जागी, उत्खननात जे कळलं त्यावरून मातीच्या लाद्यांची तीन घरं नव्याने बांधली. आत चूल, झोपायचे ओटे, धूर, अंधार. पर्यटक आधी गवतातले उंचवटे बघतात, मग नव्या घरात शिरतात. अस्सल काय आणि अंदाज काय, हे पाट्या न वाचताही पायांना कळतं. १९७८ साली ही जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली, म्हणजे यादीतल्या अगदी पहिल्या जागांपैकी एक.

त्यातही खोट आहे, तीही सांगते. घर, चूल आणि नॉर्स पोशाखातले लोक बघून वाटतं की हे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिले. प्रत्यक्षात ही वस्ती फार थोडा काळ टिकली. त्यांच्या आधी आणि नंतरही मूलनिवासींचे वेगवेगळे समूह हजारो वर्षं त्याच किनाऱ्यावर येत-जात राहिले, त्यांच्या चुलींच्या खुणाही तिथेच मिळाल्या. पण फोटो निघतात ते व्हायकिंग घराचे. जे घर बांधलं जातं त्याचीच गोष्ट मोठी होते. गावकऱ्यांची मूलनिवासींच्या तळाची समजूतही त्या अर्थाने अगदीच वाया गेलेली नव्हती.

हे सिंदखेड राजाला लावून बघा, कारण एका जागेवर अनेकांच्या चुली असण्याचा प्रकार आमच्याकडे नुकताच घडला. २०२४ च्या उन्हाळ्यात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं नागपूर मंडळ लखुजीरावांच्या समाधीच्या जतनाचं काम करत होतं. परिसरात काही घडीव दगड दिसले म्हणून खणायला घेतलं, तर शिवमंदिराचा पाया लागला. आणखी खाली, सुमारे सव्वादोन मीटरवर, आधी लक्ष्मी दिसली आणि मग संपूर्ण शेषशायी विष्णू. १ मीटर ७० सेंटिमीटर लांब, १ मीटर उंच. शेषावर पहुडलेला विष्णू, पाय चेपणारी लक्ष्मी, मागच्या पट्टीवर समुद्रमंथन, त्यात ऐरावत आणि घोडा. दगड आमचा नेहमीचा काळा बेसॉल्ट नाही. क्लोराइट शिस्ट नावाचा मऊ, बारीक कोरीव कामाला सोपा दगड, जो दक्षिणेकडच्या शिल्पांत जास्त दिसतो. मग हा दगड इथे आला कसा, घडवणारे हात कुठले, असे प्रश्न त्या एका मूर्तीबरोबर वर आले.

बातमी दोन दिवस जोरात फिरली. माझ्या फोनवर तीच क्लिप निरनिराळ्या संगीतासह आली. एकात शंखनाद, एकात तुताऱ्या, एकात चक्क चित्रपटातलं गाणं. कोणत्याही क्लिपमध्ये मला जे बघायचं होतं ते नव्हतं: मूर्ती आणि समाधी यांच्यातलं अंतर. खड्ड्याची कड. मातीचे थर. कारण तिथली खरी गोष्ट त्या कडेत आहे. यादवकाळातलं मानलं जाणारं एक देऊळ पडलं की पाडलं की नुसतंच विसरलं गेलं, त्यावर माती चढली, आणि त्याच परिसरात सतराव्या शतकात एका सरदाराची समाधी उभी राहिली. स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानणाऱ्या घराण्याची समाधी, आणि शेजारी जमिनीखाली यादवकाळातलं देऊळ! समाधी बांधणाऱ्यांना खाली काय आहे ते माहीत होतं का? कादंबरीकार याचं उत्तर एका परिच्छेदात देऊन टाकेल. मातीचा थर देईल ते उत्तर कमी रंगतदार असेल, पण त्याच्यावर भार टाकता येईल.

समाधीही मुळात वाचण्यासारखी आहे. लखुजीरावांना १६२९ साली दौलताबादला निजामशाही दरबारात दगा करून मारलं. सोबत मुलगे अचलोजी आणि राघोजी, नातू यशवंतराव. एका दिवसात घरातले चार पुरुष. जिजाऊंच्या आयुष्यातली ही घटना आपण शिवजन्माच्या आधीच्या चार ओळींत उरकतो. त्यांची ही समाधी कमानींची आणि घुमटाची आहे, म्हणजे तेव्हाच्या दख्खनी सुलतानांच्या कबरींची भाषा बोलणारी. ज्या दरबाराने मारलं त्याच दरबाराच्या शैलीत मेलेल्याचा मान राखला. यात कुणाला विसंगती दिसेल. मला त्यात त्या काळातल्या गवंड्यांना येणारी बांधकामाची पद्धत दिसते, आणि एका घराण्याचा ताठपणा. कुणी उद्या ही इमारत "आपल्या" शैलीत दुरुस्त करायला निघालं, तर हे वाक्य पुसलं जाईल. जुनी इमारत म्हणजे दगडात लिहिलेलं गद्य आहे असं मी मानते, आणि संपादकाने लेखकाची वाक्यरचना बदलू नये एवढीच माझी मागणी आहे.

गावात बाकीही पुष्कळ आहे, आणि तिथे १२ जानेवारीची गर्दी सोडली तर कुणी फिरकत नाही. नीलकंठेश्वराचं देऊळ आणि त्यासमोरची बारव. काळ्या दगडाचा, जाड भिंतींचा काळाकोट. मोती तलाव, ज्याचा बांध किल्ल्याच्या तटासारखा. चांदणी तलाव, ज्याच्या मधोमध इमारत आहे. सजना बारव. आणि पुतळा बारव, जिच्या भिंतीत मूर्ती बसवलेल्या आहेत म्हणून ते नाव. एवढं पाणी एका गावात कशाला? कारण ते गाव नव्हतं, शहर होतं. कमी पावसाच्या मुलुखात दरबार, फौज, घोडे, बाजार पोसायचा तर आधी पाणी बांधावं लागतं. जिजाऊ ज्या शहरात वाढल्या त्याचा खरा नकाशा राजवाड्याच्या चार भिंतींत मावत नाही. तो तलावापासून बारवेपर्यंत पसरलेला आहे. एखाद्या मुलीने तिथे लहानपणी काय पाहिलं असेल, हा प्रश्न मला म्हाळसा महालाच्या छपरापेक्षा जास्त खुणावतो. तिने पाणी साठवणारं, राखणारं राज्य पाहिलं असणार.

म्हणून मला वाटतं, पैसा आलाच तर तो राजवाड्याच्या भिंती चढवण्यात घालू नये. जोती भक्कम करावीत, चुन्याने करावीत, सिमेंटने नव्हे. सिमेंट जुन्या दगडाला श्वास घेऊ देत नाही, पाणी आत कोंडतं आणि काही पावसाळ्यांत दगडाचा पापुद्रा सुटतो. बारवांमधला गाळ काढावा. शेषशायीच्या खड्ड्याचा आडवा छेद काचेमागे तसाच दाखवता आला तर महाराष्ट्रात तशा जागा मोजक्याच असतील. मूर्तीसाठी सुरक्षित संग्रहालय गावातच व्हावं, नागपूरला ती अनेक मूर्तींतली एक होईल. आणि वाडा पूर्ण बघायची हौस असेल तर तो वेगळ्या जागी बांधावा, खाली पाटी लावून: हा आमचा अंदाज.

असं वेगळ्या जागी बांधण्याचं उदाहरण गावातच आहे. मराठा सेवा संघाने गावाबाहेर जिजाऊ सृष्टी उभारायला घेतली. त्या संघटनेच्या विचारांशी कुणाचं जमेल, कुणाचं नाही. तिथल्या शिल्पांबद्दल आणि सभामंडपाबद्दल माझंही स्वतंत्र मत आहे. पण जागेची निवड मला बरोबर वाटते. आजच्या लोकांना आज जे म्हणायचं आहे ते त्यांनी आपल्या जमिनीवर म्हटलं, लखुजीरावांच्या जोत्यावर चढून म्हटलं नाही.

हे सगळं लिहिताना जिल्ह्याच्या उत्तर टोकाची एक जागा माझ्या डोक्यातून जात नाही. तिथे हा वाद घालण्याची चैनही उरणार नाही. संग्रामपूर तालुक्यात पूर्णा नदीच्या काठी भोन नावाचं गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने या शतकाच्या सुरुवातीला तिथलं पांढरीचं टेकाड खणलं. भाजक्या विटांचा स्तूप निघाला, मौर्यकाळाच्या आसपासचा, म्हणजे सव्वादोन हजार वर्षांच्या घरातला. भाजक्या मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या विहिरी निघाल्या. म्हणजे राजवाडा बांधला गेला त्याच्या अठराशे वर्षं आधी, याच जिल्ह्यात, विटा भाजणारं, पाण्याची नेटकी सोय करणारं, भिक्षूंना पोसणारं एक गाव होतं. आमच्या शाळेच्या पुस्तकात भोन नव्हतं. सांची होतं.

भोन जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात येतं. धरण नको असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. खारपाणपट्ट्यातल्या लोकांना गोडं पाणी म्हणजे काय हे मला माहीत आहे, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही अशा गावांत माझे नातेवाईक आहेत. पण बुडवायचंच असेल तर कसं बुडवायचं याचा धडा आपल्या देशात झालेला आहे. आंध्रात कृष्णेवर नागार्जुनसागर बांधायचं ठरलं तेव्हा १९५४ पासून सहा वर्षं नागार्जुनकोंड्याचं अख्खं खोरं खणलं गेलं. निवडक स्तूप, विहार आणि इतर वास्तू टेकडीवर आणि काठावरच्या अनुपूला पुन्हा रचल्या. टेकडीचं आता बेट झालंय, तिथे संग्रहालय आहे, बोटीने जातात. ती पुनर्रचना आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, कारण मूळ जागा पाण्याखाली आहे. मी ज्या पुनर्रचनेच्या बाजूने सहज उभी राहीन ती ही: मूळ वाचण्याचा दुसरा मार्गच नसताना केलेली.

भोनच्या टेकाडाचा किती भाग अजून न खणलेला आहे, पाणी चढण्याआधी तो खणला जाणार का, स्तूपाच्या विटा मोजून, क्रमांक घालून उचलल्या जाणार का, हे प्रश्न १२ जानेवारीला सिंदखेड राजाला येणाऱ्या नेत्यांना विचारायला हरकत नाही. समृद्धी महामार्गावरून ते येतात, सिंदखेड राजाला उतरायची सोय आहे. तिथून भोन त्याच जिल्ह्यात आहे.